वीतभर उजेड

हेंद्रे लास,
६ मार्च १९६६

प्रिय बेट्सन वन्सं,

नाताळात कार्ड पाठवलं तेव्हा मुद्दामच काही लिहिलं नाही. सणासुदीला कुणाच्या घासात खडा कशाला टाकायचा? आता लिहिते.

तुमच्या भावाला जाऊन दुसरा हिवाळा सरला. मेंढ्या मी खालच्या शेतावरच्या गुतोला देऊन टाकल्या. आता कोंबड्या आणि एक मांजर, एवढाच संसार. जमीनदाराच्या वारसांनी सगळा डोंगर वनखात्याला विकला, हे तुम्हाला एम्रिसने कळवलंच होतं. कुरणाच्या कुंपणापर्यंत पाइनची रोपं लागली आहेत, सगळी एका उंचीची, शाळेतल्या पोरांसारखी रांगेत. घर माझ्या हयातीपुरतं माझं. माझ्यामागे खातं छप्पर उतरवणार. वरच्या डोंगरातल्या उन्हाळी घराचं त्यांनी तेच केलं. छप्पर गेलं की भिंतींना बसायला फार वेळ लागत नाही.

तर गेल्या महिन्यात दक्षिणेकडच्या संग्रहालयातून टेगिद व्हॉन नावाचे गृहस्थ आले. तरुण आहेत, चष्मा लावतात, बूट शहरातले. अंगणात पाऊल ठेवलं आणि टोपी काढली. मला वाटलं माझ्यासाठी काढली, म्हणून मी "या" म्हटलं, तर त्यांचं लक्ष दाराच्या कमानीकडे. दोन दिवस मोजमाप करत होते. पायथ्याचे धोंडे कुणी आणलेले नाहीत म्हणाले, जिथे होते तिथेच त्यांच्यावर घर चढवलंय. माडीवरच्या ओकच्या कमानींवर तर ते असा हात फिरवत होते जसा घोड्याच्या मानेवर फिरवावा. घर चारशे वर्षांचं आहे. ते दगड दगड सुटा करून, त्यावर आकडे घालून, संग्रहालयाच्या आवारात जसंच्या तसं पुन्हा उभं करायचं, असा त्यांचा विचार. माझी सही हवी.

एकच अडलं आहे. चुलीशेजारची खिडकी नंतरची, म्हणून ती बुजवून भिंत मूळची करणार म्हणतात. ती एम्रिसने लग्नानंतर माझ्यासाठी भिंत फोडून पाडली होती.

तुम्ही या घरातल्या थोरल्या. आपली भेट कधी झाली नाही, पण या घरात तुमचा शब्द अजून आहे. काय करू ते सांगा.

तुमची
एलिनेद


त्रेवेलिन, पाटागोनिया,
११ एप्रिल १९६६

एलिनेद,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा चष्म्याने आणि एकदा रागाने.

घर म्हणजे काय मेंढी आहे, कानाला खूण करून बाजारात न्यायला? आणि कुठे, तर दक्षिणेत! आमचे बाबा दक्षिणेतल्या माणसाला गवत विकायचे नाहीत, आणि तू त्यांना अख्खं घर देणार. लोक तिकीट काढून येतील आणि आमच्या चुलीत डोकावून म्हणतील, बघा बाई, गरीब लोक कसे राहायचे.

घर पडायला आलंय असं तू कुठे लिहिलेलं नाहीस. मग निघायची घाई कशाला? वनखात्याला म्हणावं, थांबा. त्या घरात माणसं चिवट निघतात, तू नव्वद वर्षं जगशील.

मी अठरा वर्षांची होते, हेंद्रे लास सोडलं तेव्हा. एम्रिस सात वर्षांचा. त्याला सांगितलं होतं, गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभा राहा. तो राहिला होता का, हे मला माहीत नाही, कारण मी मागे वळून पाहिलंच नाही. वळून पाहिलं असतं तर उतरले असते.

इथे आम्ही पहिली काही वर्षं पत्र्याखाली काढली. मग इफानने घर बांधायला घेतलं, तेव्हा मी म्हटलं, बांधायचं तर आमच्यासारखंच. इथे दगड नाही, तर मातीच्या विटांचं बांधलं. लोक हसले. म्हणाले, एवढ्या चुलीत बैल उभा राहील. राहू दे म्हटलं, बैलालाही थंडी वाजते. दाराच्या पायरीवर मी अजून दर शनिवारी खडूची नक्षी काढते, रेघ मध्ये न तोडता, आई काढायची तशी. नात विचारते, "आजी, हे कशाला?" मी सांगते, "सैतान आत येऊ नये म्हणून." ती म्हणते, "मग खिडकीतून येईल की!" शहाणी आहे मेली.

एक विचारायचं आहे. चुलीशेजारून भिंतीत वर जाणारा दगडी जिना, तो चुलीकडे तोंड केलं की डावीकडे ना गं? मी इफानला डावीकडे सांगितलं. तो म्हणे उजवीकडे. लग्नाआधी दोनदा आमच्याकडे जेवला होता. म्हणाला, "दोन्ही वेळा तू जिन्यावरून उतरलीस, मी तिकडेच बघत होतो. उजवीकडे." मी म्हटलं, "तू जिना बघत नव्हतास." तो हसला आणि डावीकडे बांधून दिला. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. आता रोज वर चढताना मनात येतं, त्याचंच खरं असलं तर? मग इतकी वर्षं मी कुणाच्या भलत्याच घरात चढते आहे.

तू बघून सांग. नाही, थांब. चुकलं असेल तर सांगू नकोस.

घर हलवायचं नाही.

बेट्सन


हेंद्रे लास,
८ मे १९६६

प्रिय वन्सं,

तुम्ही रागावलात ते बरं झालं. इथे माझ्यावर रागवायला कुणी उरलेलं नाही.

घर पडायला आलं आहे. पहिल्या पत्रात ते लिहिलं नाही, कारण लिहायचं तर एम्रिसचं नाव येतं, आणि तुम्हाला त्याचा कमीपणा वाटू नये असं मला वाटत होतं.

पश्चिमेच्या भिंतीवर समुद्राकडून पाऊस कसा मारतो ते तुम्हाला सांगायला नको. दर वसंतात आम्ही तिला चुना द्यायचो. मग युद्धानंतर इकडे सिमेंटची लाट आली. दरीतल्या एकूण एक घराने पश्चिमेची भिंत सिमेंटने लिंपून घेतली, आणि एम्रिसने तर सगळ्यांत सुबक लिंपली. दोन वर्षं आत कोरडं ठणठणीत. तो येणाऱ्याजाणाऱ्याला भिंतीला हात लावायला लावायचा. पुढे कळलं की चुन्यातून भिंत भिजायची तशी सुकायचीही. सिमेंटला बारीक तडा गेला, पाणी आत शिरलं आणि तिथेच राहिलं. तुळयांची भिंतीतली टोकं कुजली. व्हॉन यांनी तुळईत चाकू खुपसला तर लोण्यात जावा तसा गेला. माडी आता टेकूंवर उभी आहे. मी खालीच झोपते.

शेवटच्या आजारात एम्रिस अंथरुणावरून त्या टेकूंकडे बघत असायचा. एकदा म्हणाला, "मी घराला रेनकोट घातला गं, आणि ते आतून भिजलं." तुमच्या भावाला दुसरं दुःख नव्हतं. त्याला दोष देऊ नका.

तेव्हा घर इथे राहणार नाही, हे ठरलेलं आहे. प्रश्न एवढाच, की ते नाहीसं व्हायचं की दुसरीकडे उभं राहायचं. मी सही करायला तयार होते. पण खिडकी बुजवणार असतील तर करणार नाही.

तुम्ही खिडकीबद्दल एक शब्दही लिहिला नाहीत. ती तुमच्यानंतरची आहे, त्यामुळे तुम्हाला तिचं काही वाटू नये हे बरोबरच आहे. पण मला सांगू द्या.

मी बाराव्या वर्षी शाळा सोडून पाद्रीबाबांच्या घरी कामाला लागले. तिथल्या फडताळातली पुस्तकं पुसता पुसता वाचायला लागले, आणि ती खोड सुटली नाही. या घरात आले तेव्हा चुलीपुढे गुडघ्यांवर बसून, आगीच्या उजेडात वाचायची. एकदा पुढचे केस होरपळले. एम्रिस म्हणाला, "एक दिवस पुस्तकासकट भाजून निघशील, मग तुला लोणी लावून खाऊ का?" दुसऱ्या दिवशी सकाळी मला आवाज आला. बघते तर हा पहार घेऊन भिंत फोडतोय. बाहेर बर्फ पडत होता. विचारलं नाही, सवरलं नाही. गुतोचे वडील बघायला आले. म्हणाले, "बायकोला उजेड हवा म्हणून भिंत पाडलीस. उद्या तिला चंद्र हवासा झाला तर?" एम्रिस म्हणाला, "छप्पर काढीन. पण उन्हाळ्यात." मला आठवतं, मला तेव्हा नवल वाटलं होतं. एवढी जाड भिंत, पण त्याने हात घातला तो नेमका जिथे दगड सुटतील तिथे.

त्या खिडकीत बसून मी चॅपेलच्या कपाटातलं एकूण एक पुस्तक वाचलं. प्रवचनंसुद्धा. तो मेंढ्यांकडून आला की बाहेरून काचेवर टिचकी मारायचा, आणि मी पान पुरं होईपर्यंत मान वर करायची नाही. तो थांबायचा. अजून मी तिथेच बसते. पुस्तक मांडीवर असतं, पण पान उलटलं जात नाही.

म्हणून व्हॉन यांना सांगितलं, खिडकी नाही तर घर नाही. छप्पर काढायचं तर काढू दे. मग एम्रिसचा चंद्र तरी दिसेल.

तुमची
एलिनेद


२ जून १९६६

श्रीमती एलिनेद रॉबर्ट्स यांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. आपल्या भावना मी समजतो, आणि आपण केलेला पाहुणचारही विसरलेलो नाही. माहेरची आठवण काढावी तशी मी त्या ताकातल्या बटाट्यांची काढतो, असं माझी पत्नी म्हणते.

परंतु आमचा नियम स्पष्ट आहे. घर बांधलं गेलं त्या काळात जसं होतं तसंच उभं करायचं, आणि मागाहून झालेले फेरफार काढून टाकायचे. हेंद्रे लासचं मोल त्याच्या चुलीकडच्या टोकात आहे. दरीतल्या इतर सर्व घरांत चुलीकडे तोंड केलं की दगडी जिना डाव्या हाताला येतो. फक्त आपल्या घरात तो उजव्या हाताला आहे, आणि एकही पायरी बदललेली नाही. अशा जागी शेजारी १९३४ सालची खिडकी ठेवली, तर पाहणाऱ्याची दिशाभूल होईल. ती आपल्या पतीने पाडली, हे आपणच मला सांगितलं.

आपण पुन्हा विचार करावा, ही विनंती. हे घर गेलं तर पुन्हा मिळणार नाही.

आपला,
टेगिद व्हॉन


त्रेवेलिन,
२० जून १९६६

प्रिय एलिनेद,

पहिल्या पत्रात मी खिडकीबद्दल लिहिलं नाही, ते मला तिचं काही वाटत नाही म्हणून नव्हे. मी लिहायला घेतलं होतं. कागद फाडला. एम्रिसने तुला सांगितलं नाही, तर मी कोण सांगणार, असं वाटलं. पण आता तू त्या खिडकीसाठी घर घालवायला निघालीस, तेव्हा ऐक.

ती खिडकी एम्रिसने पाडली नाही. उघडली.

ती आमच्या आईची होती. ती तिथे शिवायला बसायची. खिडकी अरुंद, जुनी, बहुधा घराइतकीच. आई खिडकीच्या तळाशी बसवलेल्या स्लेटच्या फरशीवर कात्रीला धार लावायची, तिथे बारीक बारीक खाचा पडल्या होत्या. आम्ही शाळेतून यायचो तर काचेआड आधी तिचा हात दिसायचा, वरखाली होणारा, मग ती.

मी पंधरा वर्षांची असताना ती छातीच्या दुखण्याने गेली. पुरून आलो त्याच आठवड्यात बाबांनी खिडकी बुजवायला घेतली. म्हणाले, "वारा येतो." आई होती तोवर तो वारा कधी आला नव्हता. खरं सांगू? सकाळचा उजेड त्या रिकाम्या खुर्चीवर पडायचा, तो त्यांना बघवेना. एम्रिस चार वर्षांचा. त्याला वाटलं खेळ आहे. तो बारके दगड उचलून एकेक त्यांच्या हातात देत होता. शेवटचा दिला आणि विचारलं, "आता आई कुठून बघणार?" बाबांनी चुन्याने भरलेला हात तसाच त्याच्या डोक्यावर ठेवला. त्याचे केस पांढरे झाले. मी ते धुतले.

त्यानंतर घरात कुणी त्या खिडकीचं नाव काढलं नाही. आमच्याकडे दुःखाची रीत तीच. बुजवायचं आणि वरून चुना द्यायचा. म्हणून मी इथे घर बांधलं त्यातही ती खिडकी केली नाही. मला वाटायचं एम्रिस विसरला असेल. तुझ्या पत्रातलं वाचलं, की त्याने हात घातला तो नेमका जिथे दगड सुटतील तिथे, आणि मी उठून बाहेर गेले. पोरीने विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, धूर गेला डोळ्यांत." चूल पेटलेली नव्हती.

त्या व्हॉनला सांग, फरशीवरच्या खाचा बघ म्हणावं. भिंतीचा गिलावा काढ म्हणावं. तुळया कुजल्या असतील तर घर जाऊ दे. पण खिडकीसकट जाऊ दे.

जिन्याचं तू काही लिहिलं नाहीस. राहून गेलं असेल.

बेट्सन


हेंद्रे लास,
२५ सप्टेंबर १९६६

प्रिय वन्सं,

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी आहे. लिहवत नव्हतं.

तुमचं पत्र आल्यावर मी काही दिवस त्या खिडकीत बसले नाही. एम्रिसवर चिडले होते. मेलेल्या माणसावर चिडणं फार कठीण असतं, तो उलटून बोलत नाही. एवढी वर्षं एका ताटात जेवलो, एका अंथरुणात झोपलो, आणि एवढं सांगायचं राहिलं? मी सगळ्यांना सांगत फिरले, माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी भिंत फोडली. आणि मी बसत होते दुसऱ्या बाईच्या उजेडात. त्या खाचांत मी पेन्सिल ठेवायची, वन्सं. मला वाटायचं, फरशी दूधघरातली जुनी काढून लावली असेल.

मग एक दिवस कोंबड्यांना दाणे टाकताना मनात आलं, की तो चार वर्षांचा होता. त्याला सांगायला शब्द कुठून येणार होते? त्याने ते दगड हातांनी दिले होते, हातांनीच परत काढले.

मी व्हॉन यांना बोलावून घेतलं. त्यांनी चुलीशेजारचा गिलावा सोलला. गुतो शिडी धरायला होता. खिडकीची एक कड जुनी निघाली, तिरकी, धुराने काळवंडलेली. व्हॉन यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "बाई, तुमची खिडकी वाचली! ही घराइतकीच जुनी आहे." मग ते दुसऱ्या कडेला गेले आणि तिच्यावरून बोट फिरवू लागले. ती सरळ आहे. तिच्यावर एम्रिसच्या छिन्नीचे घाव आहेत. म्हणजे आईची खिडकी त्याने उघडली आणि वीतभर रुंद केली.

व्हॉन म्हणाले, "आम्ही ती मूळ मापाची करू."

गुतो म्हणाला, "साहेब, वीतभरच तर आहे."

"वीतभर असली तरी चौतीस सालची आहे."

"मग मीही चौतीस सालचाच आहे. मलाही काढता का?"

मी हसले नाही. मला तेव्हा कळत होतं, ती वीत कशासाठी आहे. शिवण मांडीवर असतं, त्याला खालचा उजेड पुरतो. पुस्तक माणूस वर धरतो. मी ज्या बाजूला टेकून बसते त्याच बाजूला त्याने भिंत कापली आहे. खिडकी आईची, वन्सं. वीत तेवढी माझी.

मी सही केली नाही. गुतो घरी जाताना म्हणाला, "एलिनेदकाकू, एका वितीसाठी चारशे वर्षांचं घर घालवतेस?" मी म्हटलं, "घर सगळ्यांचं आहे रे. माझी तेवढी वीतच आहे."

व्हॉन वाईट नाहीत. जाताना दारात घुटमळले. म्हणाले, जुनी खिडकी ज्यांनी डोळ्यांनी पाहिली असं कुणी हयात असेल आणि त्यांनी तिचं माप लिहून दिलं, तर तो पुरावा धरता येतो. मी तुमचा पत्ता दिला. ते तुम्हाला विचारतील. जे आठवतं ते लिहा. मी तुम्हाला आणखी काही सांगणार नाही.

तुमची
एलिनेद


त्रेवेलिन,
३० ऑक्टोबर १९६६

प्रिय एलिनेद,

तुझ्या व्हॉनचं पत्र आलं. अक्षर चांगलं आहे. मी त्याला काय लिहिलं ते तुलाही कळवते.

"मी बेट्सन, माहेरची रॉबर्ट्स, हेंद्रे लास येथे जन्मले. आमची आई ज्या खिडकीत बसत असे ती मी पंधरा वर्षं रोज पाहिली. ती आज आहे तेवढीच रुंद होती. एक कड नवी वाटते, त्याचं कारण असं की वडिलांनी बुजवताना ती फोडली होती, आणि माझ्या भावाने ती पुढे नीट केली. यात शंका घेऊ नये."

मी चॅपेलच्या वडीलधाऱ्याची मुलगी. लहानपणी एक साखरेचा खडा चोरला तर बाबांनी सगळ्या सभेपुढे उभं केलं होतं. आता त्र्याहत्तर वर्षांच्या म्हातारीच्या आठवणीवर किती विसंबायचं, ते त्या संग्रहालयाने ठरवावं. जिला घरातला जिना कुठल्या बाजूला होता ते सांगता येत नाही, तिची साक्ष ते लोक घेतात, यात माझा काय दोष?

आणि आता खरं तेही ऐक. आई संध्याकाळी सुईत दोरा ओवायला बसली की ओवता यायचा नाही. मला हाक मारायची. म्हणायची, "बेट्सन, ही खिडकी वीतभर अजून हवी होती गं." एम्रिस तेव्हा तिच्या पायांशी खेळत असायचा. त्याने ऐकलं असेल का, देव जाणे. मुलं ऐकत नाहीत असं आपल्याला वाटतं.

तेव्हा ती वीतही निम्मी आईची आहे. निम्मी तू ठेव.

सही कर.

बेट्सन


नदीकाठची गल्ली, गावात,
१७ जून १९६९

प्रिय वन्सं,

मधली पत्रं त्रोटक लिहिली, कारण सांगण्यासारखं एकच होतं आणि ते पुरं व्हायचं होतं. काल झालं. म्हणून आज निवांत बसले आहे.

घर उतरवायला घेतलं त्याच्या आदल्या दिवशी मी पायरीवर खडूची नक्षी काढली. रेघ तुटू दिली नाही. गुतो म्हणाला, "काकू, आता कुणाला अडवतेस? म्युझियमवाले आत येऊन चहा पितायत." नंतर प्रत्येक दगडावर पांढरा आकडा आला. गुतो म्हणाला, घर शाळेत घातलंस, आता रोज हजेरी होणार. मी सगळं बघत उभी राहिले. चूल शेवटी उतरवली. ती उतरवल्यावर दिसलं, मागे डोंगर तेवढाच होता. इतकी वर्षं मला वाटायचं, त्या भिंतीमागे काहीतरी फार मोठं आहे.

आता तिथे पाइन वाढले आहेत. मी जात नाही.

काल गुतोने त्याच्या व्हॅनमधून दक्षिणेत नेलं. वाटेभर कुरकुरत होता, इकडच्या लोकांना चहा करता येत नाही म्हणून. आवारात शिरलो, वळण घेतलं आणि समोर आपलं घर. वन्सं, मला आधी कुणाच्या तरी घरात पाहुणी म्हणून आल्यासारखं वाटलं. पश्चिमेची भिंत चुन्याने पांढरी स्वच्छ. एम्रिसला दाखवायला हवी होती. धुराड्यातून धूर निघत होता, सरळ वर. तुमच्या बाबांची चूल अजून ओढते.

आत राखणदारीण होती, दक्षिणेची, गोड बोलणारी. चुलीकडच्या बाजूला दोरी बांधलेली. तिने मला माझ्याच घराची माहिती दिली. म्हणाली, "ही खिडकी घरधनिणीच्या शिवणासाठी बरं का. नीट बघा, त्या काळच्या मानाने फारच रुंद आहे." गुतो खोकायला लागला.

मी दोरीवरून वाकून फरशीला हात लावला. खाचा आहेत.

"बाई, आत जायचं नाही हं," ती म्हणाली.

"जात नाही. हात लावून बघते आहे."

तेवढ्यात व्हॉन आले. केस विरळ झालेत. त्यांनी दोरी सोडली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. मग हळूच म्हणाले, "पाटागोनियाची साक्ष आम्ही मान्य केली. दगडांचं म्हणणं जरा वेगळं होतं."

मी म्हटलं, "दगड काय, त्यांना कुठे लिहिता येतं."

मी बसले. त्यांनी घराचं तोंड थोडं फिरवून बांधलं आहे. काचेतून वळण दिसत नाही, डोंगर दिसत नाही. गवत दिसतं, आणि दुसऱ्या कुठल्यातरी गावाहून आणलेलं एक घर, तेही बिचारं इकडेच बघत असतं. वास बराचसा तोच आहे. वारा मात्र दुसरा. काचेवर कुणी टिचकी मारणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि वर धरलं. उजेड बरोबर पानावर पडला. त्या वितीतून.

मी एक पान वाचलं. मग ते उलटलं.

सगळे गेल्यावर व्हॉननी मला वरही जाऊन येऊ दिलं. पायऱ्या त्याच आहेत, मधोमध झिजलेल्या. तुम्ही पहिल्याच पत्रात एक विचारलं होतं, आणि मी इतके दिवस उत्तर दिलं नव्हतं. काल मुद्दाम चुलीकडे तोंड करून उभी राहिले आणि पाहिलं.

जिना डावीकडेच आहे, वन्सं. तुमच्या यजमानांचं खरंच लक्ष नव्हतं. तुम्ही इतकी वर्षं आपल्याच घरात चढता आहात.

तुमची
एलिनेद